बाराचा आकडा

त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात पेनाच्या जागी खडूचा तुकडा असायचा आणि कानावर विडीच्या जागी माडाच्या झावळीतला एक सरळ हीर, केरसुणीला लागते ती काडी. हिरावर त्यांनी ब्लेडने इंचाच्या खुणा पाडलेल्या होत्या. इंजिनाचं डोकं उघडलं की तो हीर सिलिंडरवर आडवा धरायचे, मग आत उभा सोडायचे, आणि जमिनीवर उकिडवे बसून खडूने मांडायला लागायचे. मालवणात त्यांना नावाने फारसं कोणी ओळखत नसे. ‘बावीस-सात’ म्हटलं की बंदरावरचा हमालसुद्धा बोट दाखवून घर सांगत असे.

त्या घरात मी नऊ वर्षं भाड्याने राहिले. कोल्हापुराहून हायस्कुलात गणित शिकवायला म्हणून आले, तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. एकट्या बाईला खोली द्यायला लोक कचरत. मालवणच्या मेढा भागातल्या या घराची मात्र पुढची खोली मिळाली, कारण मी गणिताची बाई आहे असं त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं. मी दारात उभी राहिले तर कुठून आलात, कुणाच्या कोण, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही.

“बाई, ट्रंकेचा वजन किती?” एवढंच म्हणाले.

मला माहीत नव्हतं. त्यांनी खोबरं तोलायचा काटा काढला, माझी ट्रंक तोलली, आकडा भिंतीवर लिहिला आणि मग ती आत नेली. त्यांची बायको, जिला मी पुढे वहिनी म्हणू लागले, पदर तोंडाला लावून हसत होती. घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एकदा तरी त्या काट्यापाशी नेलं जातं, हे मला नंतर कळलं. लॉरी चालवणाऱ्या माणसाला समोरच्या वस्तूचं वजन नजरेने ओळखता आलं पाहिजे, आणि नजर खरी की खोटी ते काट्यावर बघून घेतलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

ते एका मालकाची लॉरी चालवत. मालवणहून सुकी मासळी आणि खोबरं घेऊन फोंडाघाटाने कोल्हापूरला जायचं, येताना गूळ, कांदे, मिरची आणायची. शिक्षण मराठी चौथीपर्यंतच. पण चौथीत गुरुजींनी वर्तुळाचा परीघ शिकवला आणि तो त्यांच्या डोक्यात जाऊन बसला. चाकाचा व्यास बत्तीस इंच. गुणिले बावीस, भागिले सात. म्हणजे एका फेऱ्यात गाडी साधारण शंभर इंच पुढे जाते आणि एका मैलाला सहाशे तीस फेरे होतात. कसाल किती लांब आहे असं कुणी विचारलं तर ते मैल सांगत नसत. साडेबारा हजार फेरे, असं सांगत. 

“टायर झिजलो की मैल वाढता, बाई,” ते एकदा मला म्हणाले. मी हसले. मग त्यांनी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मांडून दाखवलं. चाक लहान झालं की तेवढाच मैल कापायला जास्त फेरे लागतात, म्हणजे चाकाच्या दृष्टीने वाट लांबली. मी दोन वर्षं मुलांना वर्तुळ शिकवत होते, पण चाकाच्या बाजूने कधी विचार केला नव्हता.

आमच्या पुस्तकात बावीस सप्तमांशाला ‘पाय’ म्हणत. मी तो शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा ते स्वतःच्या पावलांकडे बघायला लागले. मग खूश झाले. त्यांच्या मापनाचं दुसरं हत्यार पाऊलच होतं. टाचेला अंगठा लावत चालायचे आणि मोजायचे. आपलं पाऊल अकरा इंची आहे हे त्यांनी पक्कं करून ठेवलं होतं. लॉरीच्या इंजिनाचंही त्यांनी असंच काढलं होतं. सिलिंडरचा व्यास साडेतीन इंच, आतला दट्ट्या पावणेचार इंच वर-खाली होतो, असे सहा सिलिंडर. सगळ्यांचं मिळून पोट भरतं दोनशे साडेसोळा घन इंच, म्हणजे पाऊण गॅलनाहून थोडं जास्त. एवढ्याशा पोटाचं इंजिन तीन टन ओढतं, याचं त्यांना कायम नवल वाटे. जेवताना वहिनी जास्त भात वाढायला लागल्या की ते हात आडवा धरून म्हणत, इंजिन बघा किती कमी खातं.

हा खळ्यातला खडू वहिनींच्या डोक्याला ताप होता. सकाळी शेणाने सारवायला घ्यावं तर मध्ये आकडेमोड. त्या बडबडत, पण आकड्यांच्या कडेकडेने सारवून घेत. ओल्या हिरवट जमिनीत कोरड्या मातीचा एक चौकोन उरायचा आणि त्यात त्यांचं गणित. मी सकाळी शाळेला निघताना तो चौकोन ओलांडून जात असे.

त्यांच्या गाडीतला वेग दाखवणारा काटा कायमचा बिघडलेला होता. त्यांना त्याचं काही वाटत नसे. एका मैलाच्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत मनात सेकंद मोजायचे आणि तीन हजार सहाशेला त्या आकड्याने भागायचं. एकशेवीस सेकंद लागले तर ताशी तीस मैल. मोजताना शेजारी बसलेल्याने बोललेलं त्यांना चालत नसे. मी सुट्टीला कोल्हापूरला जाताना कधी कधी त्यांच्या शेजारी बसून जाई. मला तर ते मोजायलाच लावत आणि शेवटी आपला आकडा माझ्याशी ताडून बघत. एखाद-दुसऱ्या सेकंदाचा फरक पडे. तो माझाच चुकलेला असे.

एकदा ते रविवारी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसले. आठवडाभर ते एका सपाट रस्त्यावर रिकामी लॉरी घेऊन जात होते. ठरलेल्या वेगाने यायचं, खुणेच्या दगडाशी ब्रेक दाबायचा, आणि गाडी कुठे थांबते ते पावलांनी मोजायचं.

“दहाक दहा फूट, विसाक चाळीस, तिसाक नव्वद,” ते म्हणाले. “वाढता ता सरळ नाय वाढत. ह्या काय असता?”

मी सांगितलं की वेगाचा वर्ग करा आणि दहाने भागा. वेग दुप्पट झाला तर थांबायला जागा चौपट लागते. आणि उलटंही खरं, जागा चौपट लागत असेल तरच वेग दुप्पट धरायचा. मी माझं कॉलेजातलं पुस्तक काढून त्यांना ते सूत्र दाखवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ते बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. जगात कुणीतरी हे आधी लिहून ठेवलंय याचा त्यांना आनंद झाला होता. मलाही झाला. मी पुस्तक मिटलं. पुढच्याच पानावर उताराचं सूत्र होतं. ते मी त्यांना दाखवलं नाही. दाखवायचं टाळलं असंही नाही. तेवढ्यावर माझं समाधान झालं होतं, इतकंच.

वहिनींचा धाकटा भाऊ वासू याच घरात वाढला होता. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. या दोघांना मूल नव्हतं, त्यामुळे वासूच त्यांचं मूल झाला. त्याला गाडी त्यांनीच शिकवली. मी राहायला आले तेव्हा तो विशीत होता, त्याच मालकाकडे कामाला होता, आणि भावोजींच्या आकड्यांची यथेच्छ टिंगल करायचा. पण मी त्याच्या गाडीत बसले तेव्हा तोही ओठ हलवत सेकंद मोजताना दिसला.

आंगणेवाडीच्या जत्रेचा दिवस पंचांगातून निघत नाही. देवीचा कौल होतो, मग दिवस ठरतो. कुठल्याच सूत्रात न बसणारी ही एक तारीख आहे अशी ते नेहमी तक्रार करत. त्या वर्षी दिवस अचानक जवळचा ठरला आणि खाजं, ही जत्रेतली गुळाची मिठाई, करणाऱ्यांची गुळासाठी धांदल उडाली. मालकाने लॉरी कोल्हापूरला पाठवली. ते आणि वासू दोघंही गेले.

पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे. कोल्हापूरच्या वखारीत तीन टनांच्या गाडीत साडेचार टन गूळ भरलेला होता. ब्रेकचे लायनर झिजलेले होते आणि ते बदलायला त्यांनी महिनाभर आधीच सांगितलं होतं. त्यांनी ढेपा मोजल्या, गाडीच्या फळीवर गणित मांडलं आणि ही गाडी घाट उतरणार नाही, निदान मी नेणार नाही, असं मालकाच्या माणसाला सांगितलं. तो माणूस म्हणाला, मग वासू नेईल. त्यांनी वासूला परोपरीने सांगितलं. वासू म्हणाला, “भावोजी, जत्रेक गूळ पोचाक व्हयो. मी हळू जातंय.”

त्यांना राग आला. त्यांनी खडू काढून वासूच्या समोरच्या पत्र्यावर ‘१२’ असा आकडा लिहिला. घाटात ताशी बारा मैलांच्या वर जायचं नाही. बाराने आला तर पंधरा फुटांत गाडी उभी राहील, आणि वळणांवर त्याहून दुप्पट-तिप्पट जागा आहे. एवढं बोलून ते गाडीतून उतरले. आकडा दिला म्हणजे पोराला सांभाळलं, असं त्यांना तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते प्रवासी गाडीने घाट उतरत होते. एका वळणावर गर्दी दिसली म्हणून ड्रायव्हरने गाडी थांबवली. खालच्या उतारावर झाडाझुडपांत गुळाच्या ढेपा फुटून पडल्या होत्या. रस्त्याच्या कडेला वासूला घोंगडीने झाकून ठेवलं होतं. चढणीवरून एक बैलगाडी वर येत होती, तिला वाचवायला वासूने गाडी कडेला घेतली आणि ब्रेक दाबला. लाकडं गोळा करणाऱ्या एका बाईने हे पाहिलं. ती म्हणाली की लॉरी थांबतच आली होती. अगदी काठावर येऊन तिने नाक खाली केलं आणि मग गेली.

त्यांनी घोंगडी उचलून एकदा पाहिलं. मग ते रस्त्यावर गेले, तांबड्या मातीत चाकं घासल्याची खूण जिथे सुरू झाली होती तिथे उभे राहिले, आणि टाचेला अंगठा लावत काठापर्यंत चालत आले. त्रेसष्ट पावलं. म्हणजे पावणेअठ्ठावन्न फूट. पंचनामा करणाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी खडूने तिथल्याच दगडावर मांडलं आणि सांगितलं की गाडी चोवीसच्या वेगाने येत होती.

ही गोष्ट त्यांच्याआधी मालवणला पोचली. मेव्हणा मरून पडलाय आणि हा बाबा रस्ता मोजतोय, असं लोक बोलले. आणि वहिनींनी ऐकलं ते एवढंच, की वासू बेफाम गाडी हाकत होता असं वासूच्या भावोजींनी स्वतः लिहून दिलं. तेराव्या दिवसानंतर वहिनींनी सगळं खळं सारवलं. मध्ये चौकोन ठेवला नाही. त्या दिवसापासून त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पण घर चालवायचं तर काहीतरी सांगावं लागतंच. ते मग माझ्यामार्फत होऊ लागलं. ते पाच हातांवर बसलेले असले तरी वहिनी माझ्या दारात येत आणि म्हणत, “बाई, तेंका सांगा, पेज निवता.” मी वळून सांगत असे. ते उठून जात. ‘बाई, तिला सांगा, मला भूक नाही’ असा उलटा निरोप मात्र त्यांनी कधीही दिला नाही.

पंधराएक दिवसांनी ते माझ्याकडे आले आणि त्रेसष्ट पावलांचं गणित तपासून द्या म्हणाले. मी कागद घेतला. त्यांचं गणित बरोबर होतं. वर्ग बरोबर, भागाकार बरोबर, उत्तर चोवीस. मी होय म्हणणार होते. आणि मग मला ते पुढचं पान आठवलं. त्यांनी दहाने भागायचं सूत्र सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीवर काढलेलं होतं. वासूच्या गाडीत साडेचार टन होते आणि रस्ता खाली उतरत होता. तिथे ब्रेकला वेगाशी झुंजायचं होतंच, वर वजनाशीही. थांबायला जागा किती पटीने लागली असेल? तिप्पट? चौपट? चौपट असेल तर चोवीसाचे बारा होतात.

मी त्यांना दोन दिवस काही बोलले नाही. तपासते आहे म्हणाले. न सांगितलं तर त्यांचा आकडा खरा राहत होता आणि चूक मेलेल्याच्या माथी जात होती. सांगितलं तर वासू सुटत होता. तिसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुस्तकातलं खरं असेल, पण करून बघायला हवं, म्हणाले.

ओळखीच्या एका ड्रायव्हरची तसलीच जुनी लॉरी त्यांनी मागून घेतली. साडेचार टन भरतील एवढे जांभ्या दगडाचे चिरे भरले. पातळी बघायला पाण्याची बाटली आणि लांबी मोजायला दोरी घेऊन चार दिवस वेगवेगळ्या रस्त्यांचा उतार मोजत हिंडले. घाटातल्या त्या वळणाइतकाच उतार, पण खाली मोकळं माळरान, अशी एक जागा त्यांना सापडली. मी हातातलं घड्याळ घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले. दोन खुणांमध्ये किती सेकंद लागतात ते मोजायचं माझ्याकडे होतं. गाडी आली. माझ्या घड्याळाप्रमाणे बाराच मैल. त्यांनी दगडापाशी ब्रेक दाबला. लॉरी घासत, धूळ उडवत खाली जात राहिली. ती थांबेल असं मला वाटलं तिथे थांबली नाही. पुढे गेली, आणखी पुढे गेली.

ते उतरले. दगडापासून मोजत आले. बासष्ट पावलं.

शेवटच्या पावलावर ते तसेच उभे राहिले. मी जवळ गेले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाई, वासू बारानच इललो. तेना माझा ऐकल्यान.”

परत येताना त्यांनी गाडी चालवली नाही. ज्याची गाडी होती त्या ड्रायव्हरला हाक मारून चाक त्याच्या हातात दिलं आणि स्वतः मागे चिऱ्यांवर जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी कुठल्याही गाडीचं चाक हातात धरल्याचं मला माहीत नाही.

कणकवलीला चौकशी झाली. मालकाच्या बाजूने सांगण्यात आलं की ड्रायव्हर तरुण होता, बेफाम होता, आणि हे त्याच्या नातेवाइकानेच पंचनाम्यात कबूल केलेलं आहे. ते उठले. मी तिथे नव्हते. गेलेच नाही. शाळेत परीक्षा आहेत असं कारण मी सांगितलं, ते खरंही होतं. पण तिथे उभं राहून, सूत्र यांना मी सांगितलं आणि पुढचं पान मी दाखवलं नाही, असं बोलायची मला भीती वाटली. जे हजर होते त्यांनी मला सांगितलं की ते पुस्तकी मराठीत, सावकाश, शाळेत उत्तर म्हणून दाखवावं तसे बोलले. “साहेब, गाडी बाराच्या वेगाने येत होती. बारा हा आकडा मी दिला होता. आकडा चुकला. मुलगा चुकला नाही.” मग त्यांनी साडेचार टनांचं आणि लायनरचं सांगितलं. पंचनाम्यात आपण चुकीचं बोललो तेही सांगितलं.

वासूच्या नावावरचा डाग गेला. मालकाचं फारसं काही बिघडलं नाही. यांचं काम सुटलं आणि पुन्हा कुणी त्यांना गाडीवर ठेवलं नाही, त्यांनी मागितलंही नाही. धुरीवाड्यातल्या भातगिरणीत इंजिन सांभाळायला ते जाऊ लागले. ते इंजिन एका जागी उभं असतं, म्हणून मला बरं, असं एकदा म्हणाले.

चौकशी झाली त्या आठवड्यात वहिनी माझ्या खोलीत आल्या. इतक्या वर्षांत त्या आत येऊन कधी बसल्या नव्हत्या. जमिनीवर बसल्या आणि विचारलं, “वासू जोरात नव्हतो, ह्या खरा मां?”

मी खरं आहे म्हणाले.

“मगे चूक तेंची?”

हिशेब चुकला, असं मी उत्तर दिलं. कुणाचा ते सांगितलं नाही. त्यांनी मान हलवली आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दारात उभ्या होत्या. बाई, तेंका सांगा, आंघोळीचं पाणी तापलंय. काहीही बदललं नव्हतं. मला वाटत होतं की वासूचं नाव धुऊन निघालं की त्यांचा राग जाईल. पण आता त्यांना ते रागवायचं कारणही उरलं नव्हतं आणि बोलायची सवयही.

अशी वर्षं गेली. माझी बदली झाली तेव्हा सामान बांधून झाल्यावर मी त्यांच्यापाशी खळ्यात जाऊन बसले आणि जे कणकवलीला सांगायला हवं होतं ते सगळं सांगितलं. उताराचं सूत्र त्याच पुस्तकात होतं, पुढच्याच पानावर, आणि मी पुस्तक मिटलं.

 त्यांचे केस पिकले होते, हात गिरणीच्या तेलाने काळे झालेले होते. मग म्हणाले, “मी इचारलंय तेचा तुमी उत्तर दिलास. मीच अर्धा इचारलंय.”

मला यापेक्षा ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

वहिनी मला सोडायला बेड्यापर्यंत, आवाराच्या फाटकापर्यंत, आल्या. माझ्या हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा दिला, पदराने डोळे पुसले, आणि घराकडे एकदा वळून बघत म्हणाल्या, “तुमी गेल्यार मी कोणाक सांगू?”

 तुम्हीच बोला आता, असं म्हणायला हवं होतं, ते मी म्हणू शकले नाही. गाडीची वेळ झाली होती.

त्या पावसाळ्यात मला त्यांचं कार्ड आलं. मोठ्या, वेगवेगळ्या अक्षरांत, पुस्तकी मराठीत. पाऊस बरा आहे, गिरणी चालू आहे, तुमच्या खोलीत आता भाताची पोती ठेवतो, असं लिहिलं होतं. आणि शेवटी एवढंच: “घरात आता दोघेच आहोत. ही चुलीकडे बघून सांगते. मी ऐकतो.”